लिहून देणार बहीण, लिहून घेणार भाऊ

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आत्याचा अंगठा मशीनवर उमटेना. उभा जन्म शेतात गेला की बोटांवरच्या रेषा झिजतात. तिथला मुलगा ओल्या फडक्याने तिचा अंगठा पुसून पुन्हा पुन्हा काचेवर दाबत होता. चौथ्या खेपेला उमटला. मग कॅमेऱ्याकडे बघा, पदर मागे घ्या, आणि साहेबांचा प्रश्न: "लिहून दिलेलं कबूल आहे ना?" आत्याने मान हलवली. साहेब म्हणाले, तोंडाने सांगा. "हो, कबूल आहे."

दस्त हक्कसोडपत्राचा होता. 'लिहून देणार' म्हणून आत्या, 'लिहून घेणार' म्हणून माझे वडील आणि काका, ओळख पटवणारा एक साक्षीदार म्हणून मी. मजकुरात नेहमीचं वाक्य होतं: कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने व अक्कलहुशारीने. परतताना जीपमध्ये आत्याने मला हळूच विचारलं, "माझ्या वाटणीची किती होती रे?" सही झाल्यावर. आणि मला सांगता आलं नाही. ज्याची साक्ष दिली ते किती होतं, हे साक्षीदारालाच ठाऊक नव्हतं.

नंतर त्या एका आकड्यासाठी बरंच वाचलं, वकिलांना भंडावलं. लेकीच्या हक्काचा कायदा गुंतागुंतीचा आहे खरा, पण एकदा धागा सापडला की उलगडतो. तोच इथे उलगडून दाखवतो. हे सगळं हिंदू वारसा कायद्याबद्दल आहे. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू होतो. मुस्लिम कुटुंबांत वाटे त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने ठरतात, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही, त्यामुळे आदिवासी लेकींची लढाई वेगळी आणि जास्त अवघड आहे.

पहिली गाठ दोन शब्दांची: स्वकष्टार्जित आणि वडिलोपार्जित. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला फ्लॅट किंवा जमीन स्वकष्टार्जित. ते जिवंत असेपर्यंत तिच्यावर ना मुलाचा जन्मसिद्ध हक्क, ना मुलीचा. मृत्युपत्र करून ते ती कोणालाही देऊ शकतात. अगदी शेजाऱ्याला दिली तरी कायदा त्यांना अडवत नाही. मृत्युपत्र न करता गेले, तर पत्नी, मुलं, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, सगळ्यांना सारखा वाटा. आणि हे कालपरवाचं नाही. १७ जून १९५६ पासून कायदा हेच सांगतोय. "आताशा मुलींना हक्क मिळाला" असं म्हणणाऱ्यांना हे ऐकून धक्का बसतो.

वडिलोपार्जित मालमत्तेचं गणित निराळं. मिताक्षरा या जुन्या हिंदू कायद्याच्या पद्धतीत एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाला जन्मतःच वाटा मिळतो. तो वडिलांकडून 'मिळायचा' नसतो, असतोच. अशा जन्मतः वाटेकऱ्याला सहदायाद म्हणतात. शतकानुशतकं या मंडळात फक्त पुरुष होते. मुलगी त्या घरात जन्मायची, पण त्या मंडळात नाही. खरं भांडण या एका जागेचं आहे.

इथे एक सावधगिरीची सूचना. 'आजोबांची जमीन' म्हणजे आपोआप वडिलोपार्जित, असा सरसकट समज आहे. आजोबांनी ती स्वतः कमावलेली असेल आणि ते १९५६ नंतर मृत्युपत्राशिवाय गेले असतील, तर वडिलांना त्यातून आलेला वाटा वडिलांचा स्वतंत्र मानला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली स्पष्ट केलंय. म्हणजे जमीन कोणाकडून, केव्हा आणि कशी आली, हे जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) काढून पाहिल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे काही सांगू नये. चावडीवरचे वकील तर मुळीच नको.

आता चोवीस एकरांचं गणित. महाराष्ट्रातल्याच एका कुटुंबाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये निकाल लागला. वडील १९६० साली वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. त्या निकालातले वाटे मी सोयीसाठी चोवीस एकरांवर बसवून दाखवतो. वडील वारायच्या क्षणभर आधी वाटणी झाली अशी कल्पना करायची. या काल्पनिक वाटणीत वडील, पत्नी आणि दोन मुलगे असे चार वाटेकरी (पत्नी सहदायाद नसली तरी या वाटणीत तिला वाटा असतो), प्रत्येकाला सहा एकर. मुलींचं इथे नावच नाही. मग वडिलांच्या वाट्याचे जे सहा एकर, ते पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली अशा सहा वारसांत, म्हणजे प्रत्येकी एक एकर. बेरीज करा: आईला सात, मुलग्यांना सात-सात, मुलींना एकेक.

१९५६ चा कायदा मुलीला समान वारस म्हणत होता, आणि तरीही हे असं व्हायचं. खोटं कुठेच नव्हतं. मुलीला वडिलांच्या वाट्यात समान हिस्सा मिळतच होता. पण कुटुंबाच्या मालमत्तेचा मोठा भाग वडिलांच्या वाट्यात कधी येतच नव्हता. कायद्याच्या पुस्तकात समता कशी दिसते आणि बांधावर ती कशी उतरते, याचा याहून चांगला नमुना मला सापडलेला नाही.

तो कायदाही सहज आलेला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल रेटून नेण्याचा प्रयत्न केला, ते संसदेत अडवलं गेलं, आणि १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपद सोडलं त्यामागे हे एक मोठं कारण होतं. पुढे त्या बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले, वारसा कायदा त्यातलाच. त्याने विधवांसाठी एक मोठं काम मात्र करून ठेवलं. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा दिला होता, पण तो हयातीपुरता: वापरा, खा, पण मनाप्रमाणे विकू नका, आणि तुमच्यामागे ती नवऱ्याच्या वारसांकडे जाईल. १९५६ च्या कलम १४ ने ही अट उडवली. बाईच्या ताब्यातली मालमत्ता पूर्णपणे तिची झाली.

सहदायाद मंडळाचं दार मात्र बंदच राहिलं. ते आधी राज्यांनी उघडलं. केरळने १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबपद्धतीच रद्द केली, आंध्र प्रदेशाने ऐंशीच्या दशकात मुलींना सहदायाद केलं, मग तमिळनाडू. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, पण एक फट ठेवून: त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुलींना हे लागू नाही. म्हणजे थोरलीचं लग्न मे महिन्यात झालं असेल आणि धाकटीचं डिसेंबरात, तर आई-बाप तेच, जमीन तीच, पण धाकटी वाटेकरी आणि थोरली पाहुणी. लग्नाच्या तिथीवर हक्क ठरवणारा हा कायदा पुरोगामी म्हणून गाजला होता.

९ सप्टेंबर २००५ ला देशभराचं चित्र बदललं. हिंदू वारसा कायद्याचं कलम ६ नव्याने लिहिलं गेलं: मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद. लग्न झालेलं असो वा नसो. त्याच दुरुस्तीने आणखी तीन काटे उपटले, ज्यांची चर्चा कमी होते. पहिला, शेतजमिनीचा: शेतजमिनीच्या काही बाबी राज्यांच्या कायद्यांसाठी राखून ठेवणारी तरतूद गेली. दुसरा, राहत्या घराचा. आधी कलम २३ असं होतं की माहेरच्या राहत्या घराची वाटणी मुलगी मागू शकत नव्हती. भावांनी ठरवलं तरच वाटणी. आणि राहण्याचा हक्क होता तो फक्त अविवाहित, विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या मुलीला. तिसरा, पुनर्विवाह केलेल्या काही विधवांचा वारसा अडवणारं कलम २४. दोन्ही कलमं गेली.

हक्काबरोबर जबाबदारीही आली. सहदायाद म्हणून भावावर जे बोजे, तेच बहिणीवर. आणि २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की थोरली मुलगी एकत्र कुटुंबाची कर्तासुद्धा होऊ शकते. 

२००५ नंतरची पंधरा वर्षं न्यायालयांतच एक घोळ चालला. दुरुस्तीच्या दिवशी वडील जिवंत असायला हवेत का? २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हवेत. २०१८ च्या दुसऱ्या निकालात, आधीच वारलेल्या वडिलांच्या मुलींनाही वाटा दिला. खालच्या कोर्टांनी कोणाचं ऐकायचं? अखेर ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वाद मिटवला. हक्क जन्माने मिळतो, तेव्हा वडील २००५ मध्ये हयात होते की नाही हा प्रश्नच गैरलागू.

याला एकच कुंपण आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी आणि त्याआधी झालेले विक्रीसारखे व्यवहार उकरता येत नाहीत. तारीख विचित्र वाटते, पण तो दिवस हे विधेयक राज्यसभेत मांडल्याचा. विधेयक आल्याची कुणकुण लागताच घाईघाईने वाटण्या उरकून टाकतील, हे सरकारलाही पक्कं माहीत होतं. "आमची तोंडी वाटणी केव्हाच झाली" हे ठेवणीतलं उत्तर एरवी चालत नाही. त्याला सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच न्यायालय अपवाद म्हणून ऐकून घेतं.

आता पुन्हा ते चोवीस एकर. नव्या कायद्याने काल्पनिक वाटणीत सातजण: वडील, आई, दोन मुलगे, तीन मुली. प्रत्येकाला एक सप्तमांश. वडिलांचा सप्तमांश पुन्हा सहा वारसांत. सगळं जोडलं की प्रत्येकाला बरोबर एक षष्ठांश, म्हणजे चार एकर. सात-सात-सात-एक-एक-एक होतं, ते चार-चार-चार-चार-चार-चार झालं. आईचाही वाटा सातावरून चारावर आला, हे बारकाईने पाहणाऱ्याच्या लक्षात येईल. मुलींना मिळालं ते काही हवेतून आलं नाही, आणि म्हणूनच घराघरांत ते टोचतं.

कागदावर एवढं सगळं, तर गावात काय? २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या एकूण वहिती खात्यांपैकी बायकांच्या नावावरची खाती सुमारे १४ टक्के होती. खुरपणी, लावणी, वेचणी कोण करतं ते वेगळं सांगायला नको.

सातबाऱ्यावरच पाहा. वडील वारले की वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे जातो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण अजून तोंडात बसलेलं नाही). फेरफार पडतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. पूर्वी कित्येक ठिकाणी मुलांची नावं भोगवटादार, म्हणजे जमीनधारक, म्हणून लागायची आणि आई-बहिणींची नावं शेजारच्या 'इतर अधिकार' रकान्यात. त्या रकान्यात बँकेचा बोजा असतो, विहिरीतला हिस्सा असतो, आणि बहीण असते. किंवा थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' एवढीच अक्षरं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि बाकीच्यांचा पत्ता नाही. त्यामुळे आपलं नाव सातबाऱ्यावर 'आहे' एवढ्यावर समाधान मानू नये, कुठल्या रकान्यात आहे ते पाहावं.

मात्र नाव नसलं म्हणून हक्क गेला, असंही नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. तो मालकी निर्माण करत नाही आणि संपवतही नाही. "बारा वर्षं आम्हीच कसतोय, आता कसला हक्क" हेही अर्धवट ज्ञान. सहहिस्सेदारांपैकी एकाचा ताबा हा कायद्याच्या नजरेत सगळ्यांचा ताबा असतो. भावाने नुसती जमीन कसली म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही. पण "तुझा काही संबंध नाही" असं त्याने उघड सांगितलं, तर मात्र घड्याळ सुरू होतं, आणि मग गप्प बसून चालत नाही. लग्नात हुंडा दिला, सोनं घातलं, खर्च केला, तेव्हा वाटा वळता झाला, या म्हणण्यालाही कायद्यात आधार नाही.

दोन आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही, कारण ते माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलेत. एक, "जमिनीचे तुकडे होतील." होतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यापासून महाराष्ट्र या प्रश्नाशी झुंजतोय. पण दोन भावांत वाटणी करताना हा प्रश्न कोणाला पडत नाही, बहिणीचं नाव निघालं की पडतो. शिवाय नाव लावणं म्हणजे बांध घालणं नव्हे. अविभक्त हिस्सा ठेवून भावाने कसावं आणि बहिणीला धान्य किंवा खंड द्यावा, यात कायदा कुठेच आडवा येत नाही. दोन, "ती परक्याला विकून मोकळी होईल." त्यासाठी हिंदू वारसा कायद्यातच कलम २२ आहे. वारसाने मिळालेला हिस्सा एखादा वारस विकायला काढत असेल, तर बाकीच्या वारसांना तो घेण्याचा आधी हक्क. शेतजमिनीलाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलंय. म्हणजे भावाला पहिली संधी आहेच. फक्त पैसे मोजावे लागतील. माझ्या मते खरी अडचण ती आहे.

महाराष्ट्रात याच्या उलट वाटेनेही एक प्रयोग झाला होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि त्यानंतर काही वर्षांनी 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली: शेतकऱ्याने आपणहून काही जमीन बायकोच्या नावे करायची. कोर्ट नाही, भांडण नाही. शेकडो गावांतल्या पुरुषांनी ती केली. पण त्यातही जमीन बायकोला मिळाली, बहिणीला नव्हे. बायकोला दिलेली जमीन घरातच राहते ना.

आणि म्हणून पुन्हा हक्कसोडपत्राकडे. कायद्याने २००५ मध्ये जे दिलं ते कायद्यानेच परत घ्यायची सोय त्या दस्तात आहे. सहहिस्सेदाराने दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात आपला हिस्सा सोडणं पूर्ण वैध आहे. जमीन विकत घ्यायची तर किमतीच्या टक्केवारीने मुद्रांक शुल्क, पण भावाला वडिलोपार्जित हिस्सा फुकट सोडायचा तर नाममात्र. कोणी खरोखर मनापासून सोडत असेल, भाऊ अडचणीत असेल, आई-वडिलांना त्यानेच सांभाळलं असेल, तर तिचा निर्णय तिचा. पण मी पाहिलेल्या हक्कसोडींत निर्णय असा नव्हताच. होती ती भीती. तेराव्याच्या आसपास, घरात रडारड ताजी असताना, "तलाठ्याकडे सही लागते" एवढं सांगून जीप काढलेली. न बोललेलं वाक्य असं: सही केली नाहीस तर माहेर तुटेल. भाऊबीजेची साडी, बाळंतपणाला हक्काची जागा, नवऱ्याने हात उचलला तर परतायचं दार, हे सगळं त्या दीड पानाच्या दस्ताला बांधलेलं. दडपणाखाली न येता, असं दस्तात म्हटलेलं असतं. लिहून देणाऱ्या बाईला ते वाक्य कोणी वाचूनही दाखवत नाही.

एकदा नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र उलटवणं अवघड. फसवणूक किंवा जबरदस्ती कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि ते कळल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. तेव्हा जे काही करायचं ते सहीच्या आधी. दस्त घरी मागवून वाचायचा. त्यात कुठले गट नंबर आहेत ते पाहायचं, कारण 'व इतर सर्व मिळकती' या चार शब्दांत कधीकधी तिला माहीतही नसलेला प्लॉट निघून जातो. पैसे ठरले असतील तर ते दस्तात लिहायचे, 'नंतर बघू' वर सोडायचे नाहीत. हिस्सा सोडायचा नसेल आणि भांडायचंही नसेल, तर तिसरा रस्ता सोपा आहे: नुसती वारस नोंद होऊ द्यायची आणि सही करायची नाही. सगळे राजी असतील तर तहसीलदाराकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज, नाहीतर दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा.

लेकीच्या वाट्याला आलेलं पुढे कोणाकडे जातं, ही गोष्ट अजून अर्धीच सुधारली आहे. मूलबाळ नसलेली विवाहित बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याकडे, तो नसेल तर नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आई-वडिलांचा नंबर त्यानंतर. २००९ च्या एका निकालात हे फार क्रूरपणे दिसलं. लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली, सासरने घराबाहेर काढलेली, माहेरी शिकून नोकरी करून जगलेली बाई. तिच्या मागे तिची कमाई सासरच्यांना मिळाली. न्यायालयाला सहानुभूती होती, पण कलम १५ चे शब्द तसे होते. माहेरून वारसाने आलेली मालमत्ता तेवढी, मूल नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईने मृत्युपत्र करावं असं मी म्हणतो ते या कलमामुळे.

आत्याचा आकडा मला शेवटी काढता आला. आजोबांची वडिलोपार्जित साडेचार एकर, आजी आधीच गेलेली, वारस तीन. जुन्या सातबाऱ्यावर तिचं नाव अजून वाचता येतं. वारस नोंदीत लागलेलं, मग हक्कसोडीच्या फेरफाराने काढलेलं, आणि काढलेल्या नावाला करतात तसा त्याला कंस केलेला. मागच्या दिवाळीत तिला सांगितलं, "दीड एकर होती, आत्या." मला वाटलं होतं ती हळहळेल, नाहीतर जाऊ दे म्हणेल. तिने करंजी भरता भरता विचारलं, "विहिरीकडची की माळाची?"

अविभक्त हिस्स्याला दिशा नसते, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण ती केव्हाच ठरवून बसली होती. "विहिरीकडची असणार," ती म्हणाली. "तिथली दोन आंब्याची झाडं मीच लावली होती."